गच्चीवरच्या सोलर लाइनचं जुनं इन्सुलेशन बदलताना

दिवाळी झाली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्रार हमखास उगवते: सोलरला पाणी येत नाही. पाणी येत असतं, गरम येत नसतं. मग सोलरवाल्याला फोन जातो. तो येतो, काचेच्या नळ्या पुसतो, टाकीच्या आउटलेटला हात लावतो, "पाणी कडकडीत आहे, साहेब" म्हणतो आणि जातो. त्याचं खोटं नसतं. वर टाकीत साठ अंशांचं पाणी असतं आणि खाली दुसऱ्या मजल्यावर बादली भरून वाहायला लागली तरी हाताला गारच लागतं. टाकी आणि नळ यांच्या मधल्या पाइपाकडे कोणी बघत नाही.

एकदा गच्चीवर जाऊन बघा. दहा-बारा वर्षांपूर्वी चढवलेला फोम उन्हानं करपून बोटानं चुरा होण्याइतका ठिसूळ झालेला असतो. चंदेरी टेप सुटून लोंबत असते. एल्बोवर, म्हणजे पाइप वळतो त्या जोडावर, मुळातच काही नसतं, कारण तिथे कापाकापी करायचा प्लंबरला कंटाळा आलेला असतो. क्लॅम्पच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पाइप उघडा, आणि त्याच पाइपाला इंटरनेटवाल्यांच्या तीन केबली आवळून बांधलेल्या.

आधी थोडा हिशेब

एक इंची म्हणजे २५ मिलिमीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपात मीटरमागे साधारण ०.५८ लिटर पाणी मावतं. टाकीपासून तुमच्या बाथरूमपर्यंत ३० मीटर लाइन असेल तर आत साडेसतरा लिटर पाणी उभं आहे, म्हणजे एक मोठी बादली. शिवाय लोखंड स्वतः तापायला उष्णता खातं. त्यामुळे नळाला चांगलं गरम पाणी येईपर्यंत पंचवीसेक लिटर जाणार, हे धरूनच चला.

आता बाहेर १५ अंश आणि आत ६० अंश असताना हा पाइप उघडा असेल तर वारा नसतानाही मीटरमागे सुमारे ५० वॉट उष्णता हवेत जाते. गच्चीवर वारा असतोच, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा. त्यावर १३ मिलिमीटर जाडीचं नायट्राइल रबर (एसीच्या पाइपावर असते ती काळी, फोमसारखी नळी) चढवलं की तोटा १५ वॉटवर येतो, १९ मिलिमीटरला साडेबारा आणि २५ मिलिमीटरला पावणेअकरा. पहिल्या १३ मिलिमीटरनं दोन तृतीयांशाहून जास्त काम केलं. पुढच्या प्रत्येक थराला फायदा कमी कमी होत जातो. गच्चीवर १९ मिलिमीटर आणि डक्टमध्ये (पाइप खाली उतरतात त्या उभ्या पोकळीत) १३ मिलिमीटर ही निवड मला रास्त वाटते. विकणारा ३२ मिलिमीटरचा आग्रह धरत असेल तर तेच पैसे वरच्या पत्र्यावर घाला, ते का हे पुढे येतंच.

या हिशेबातून निघणारी एक गोष्ट बहुतेकांना पटत नाही. इन्सुलेशन केलं म्हणजे रात्री दहाला पाइपात राहिलेलं पाणी सकाळी सहाला गरम मिळेल, असं होत नाही. १९ मिलिमीटर इन्सुलेशन असलं तरी आठ तासांत ते पाणी वीस अंशांपर्यंत उतरतं. उघड्या पाइपात ते पंधराला उतरलं असतं, एवढाच फरक. सकाळची पहिली बादली दोन्हीकडे थंडच. ती बाजूला ठेवून झाडांना घाला, नाहीतर फरशी पुसायला वापरा.

फरक दिसतो तो पहिल्या आंघोळीनंतर. सहाला एकानं आंघोळ केली, पाइप तापला, आणि पुढचा माणूस साडेसातला शिरला. उघड्या पाइपात तोवर पाणी तेवीस अंशांवर आलेलं असतं, म्हणजे पुन्हा बादलीभर पाणी गटारात. इन्सुलेशन असेल तर तेच पाणी पंचेचाळीसच्या आसपास असतं आणि तडक अंगावर घेता येतं. चार माणसांच्या घरात सकाळी तीन वेळा हे घडतं. आजी-आजोबांच्या काळात बंब न्हाणीघरातच धगधगत असायचा, तोटी आणि घंगाळ यांत वीतभर अंतर, म्हणून हा प्रश्नच नव्हता. तो सोलरबरोबर गच्चीवरून खाली आला.

"सीपीव्हीसीला इन्सुलेशन लागत नाही, प्लॅस्टिक आहे ना" हे वाक्य पुण्यातले निम्मे प्लंबर म्हणतात. सीपीव्हीसी म्हणजे गरम पाण्याला चालणारा प्लॅस्टिकचा पाइप. प्लॅस्टिकची भिंत उष्णता अडवते हे खरं, पण अडीच-तीन मिलिमीटरची भिंत अडवून अडवणार किती? एक इंची उघडा सीपीव्हीसी मीटरमागे ३५-३६ वॉट घालवतोच. त्यात पाणीही कमी मावतं, ०.४३ लिटर, आणि तापलेलं लोखंडही नसतं. त्यामुळे आतलं पाणी जीआयइतक्याच, किंबहुना किंचित जास्त वेगानं निवतं.

दोष इन्सुलेशनचाच आहे ना?

खर्च करण्याआधी बादली-चाचणी करा. सकाळी कोणी नळ उघडायच्या आत, फक्त गरम पाण्याचा नळ सोडून, हाताला नीट गरम लागेपर्यंत किती लिटर गेलं ते मोजा. बादलीवर खुणा असतात, नसतील तर लिटरच्या भांड्यानं एकदा करून घ्या. मग पाऊण तास तो नळ बंद ठेवा आणि पुन्हा मोजा. उभी लाइन बऱ्याचदा सामाईक असते, म्हणून ही चाचणी घरचे आणि शेजारचे झोपलेले असतानाच करावी.

पहिल्या वेळी पाइपातल्या पाण्याच्या दीडपटीपर्यंत गेलं तर लाइन ठीक आहे. दुसऱ्या वेळीही जवळपास तेवढंच गेलं तर इन्सुलेशन गेलंय. पण पहिल्याच वेळी चाळीस-पन्नास लिटर जाऊनही कोमटच येत असेल, तर कुठेतरी थंड पाणी गरम लाइनमध्ये घुसतंय. बहुतेकदा एखाद्या फ्लॅटमध्ये गीझर आणि सोलर जोडणाऱ्या बायपासचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. किंवा बेसिनच्या मिक्सरचे दोन्ही कान उघडे आणि पुढे तोंडाशी बंद करायचा नळ. किंवा एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवलेलाच नाही, बसवला असेल तर क्षारांनी अडकून उघडाच राहिला. बोअरचं आणि टँकरचं पाणी वापरणाऱ्या बाणेर, वाघोलीकडच्या इमारतींमध्ये हे जास्त होतं. असं असेल तर सोन्याचं इन्सुलेशन केलंत तरी उपयोग नाही.

आणि लाइन नव्यानंच टाकायची असेल तर जाडी कमी करता येते का पाहा. एकाच फ्लॅटला जाणारी स्वतंत्र लाइन एक इंची असायचं काही कारण नाही. पाऊण इंची सीपीव्हीसीत मीटरमागे पाव लिटर पाणी मावतं. ३० मीटरला साडेसतराऐवजी पावणेआठ. एवढी बचत कुठलंही इन्सुलेशन देत नाही. फक्त वरच्या मजल्यावर दाब कमी असतो, तिथे हा प्रयोग विचारपूर्वक करा.

कोणतं घ्यायचं

पांढरा किंवा निळसर ईपीई फोम, जो हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळी करून ठेवलेला असतो, तो गरम पाण्यासाठी नाही. एप्रिल-मेमध्ये घरची माणसं गावाला गेली की वापर थांबतो आणि टाकीतलं पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर जातं. मग हा फोम आकसतो आणि शिवणीपाशी तोंड वासतो. शिवाय तो भुरुभुरु जळतो आणि जळताना थेंब टाकतो. ज्या डक्टमधून विजेच्या वायरी गेल्यात तिथे तर तो नकोच.

काळं नायट्राइल रबर हा रोजच्या कामाला योग्य माल. १०५ अंशांपर्यंत चालतं, बंद पेशींचं असल्यानं पाणी पटकन शोषत नाही, वळणावर वळतं. ते प्लंबिंगच्या दुकानापेक्षा एसीचं सामान विकणाऱ्यांकडे चांगलं आणि सगळ्या मापांत मिळतं. आग पसरू न देणाऱ्या दर्जाचं मागा. नळीवर तसं छापलेलं असतं. त्याचा वैरी एकच, ऊन. उघड्यावर ठेवलेलं नायट्राइल दोन-तीन उन्हाळ्यांत वरून कडक होतं, मग तडकतं. ईपीडीएम रबर उन्हाला जास्त टिकतं, पण महाग. जुन्या इमारतींत दिसतो तो ग्लास वूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, वर पत्रा. कोरडा असेपर्यंत उत्तम, एकदा भिजला की संपलं. पाणी हे ग्लास वूलच्या पंधरापट तरी जास्त उष्णता वाहून नेतं, आणि ओला कापूस जीआयला बारा महिने चिकटून बसला की पाइप बाहेरून गंजतो. वरून पत्रा चकचकीत, आत पाइपाची चाळण.

माप घेताना हमखास चूक होते. इन्सुलेशनची नळी पाइपाच्या बाहेरच्या व्यासावर घ्यायची असते, नावावर नाही. "एक इंची द्या" म्हणालात तर दुकानदार काहीही देईल. एक इंची जीआयचा बाहेरचा व्यास साधारण ३४ मिलिमीटर, त्याला ३५ ची नळी लागते. एक इंची सीपीव्हीसी २८.६ मिलिमीटर, त्याला २८ ची. पाऊण इंचीचं तसंच: जीआय २७, सीपीव्हीसी २२. खात्री नसेल तर कागदाची पट्टी पाइपाभोवती गुंडाळून घेर मोजा आणि ३.१४ नं भागा. सैल नळीत हवा खेळते आणि पावसाचं पाणी आतून लाइनभर फिरतं. घट्ट नळी ताणून बसवली की शिवण उघडते.

३० मीटर लाइनला दोन-दोन मीटरच्या सतरा नळ्या घ्या, एल्बो जास्त असतील तर अठरा. वर एल्बोंसाठी एक माप मोठ्या, ४२ च्या, दोन नळ्या. रबराचं सोल्युशन अर्धा लिटर पुरतं, पण एक लिटर घ्या, कारण डबा उघडला की दुपारपर्यंत घट्ट होतं. त्याच कंपनीचं थिनर, एक इंची ब्रश दोन.

जुनं काढताना

हे काम नोव्हेंबर ते मेच्या दरम्यानच करावं. पावसाळ्यात सोल्युशनवर दमटपणाचा थर बसतो आणि जोड धरत नाही. मेमध्ये करायचं तर सकाळी दहाच्या आत. तापलेल्या पाइपावर सोल्युशन लागताक्षणी वाळतं. टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह आदल्या संध्याकाळी बंद करा, लाइन रिकामी करा, पाइप गार होऊ द्या. सोसायटीत नोटीस लावताना "दोन दिवस" लिहा, एक दिवस लिहिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी जाऊन व्हॉल्व्ह उघडतंच.

ग्लास वूल काढताना अंगभर कपडे, हातमोजे, चष्मा आणि एन ९५ मास्क. आधी पाण्याचा हलका फवारा मारा, म्हणजे तंतू उडत नाहीत. पत्र्याचे स्क्रू काढा, लांबीनं कापा, कापूस सलग काढून लगेच जाड पिशवीत घाला. बडवून, ओरबाडून काढू नका. त्यात डक्टमध्ये कबुतरांची घरटी असतात. ती वाळलेली विष्ठा कोरडी झाडली तर धूळ थेट फुप्फुसात जाते, तीसुद्धा ओली करूनच काढायची. पिशव्या गच्चीच्या कोपऱ्यात ठेवू नका. खारी आणि कावळे दोन दिवसांत त्या फोडून कापूस घरट्याला नेतात.

पाइप उघडा झाला की खरं काम सुरू होतं. सॉकेटजवळचे आटे, क्लॅम्पखालचा भाग आणि सगळ्यात खालची आडवी लाइन या तीन जागा आधी बघा. पांढरी भुकटी दिसली तर जस्त जातंय, लाल फोड दिसले तर जस्त गेलंय. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून पाहा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला तर तो तुकडा बदलून घ्या. वायर ब्रश मारा, जस्ताचा प्रायमर लावा. मग लाइन भरून प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्र पसरा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी कागदावर एक जरी गोल डाग असेल तरी तो जोड उघडा. इन्सुलेशनखाली गळणारा जोड वर्षभर कळत नाही. पाणी नळीच्या आतून दहा मीटर प्रवास करून भलत्याच ठिकाणी टपकतं आणि मग तिथलं वॉटरप्रूफिंग उखडलं जातं.

आडवी लाइन स्लॅबला टेकलेली नको. चायना मोझॅकवर विटेचे तुकडे ठेवून त्यावर पाइप, ही आपल्याकडची रीत. पावसाळ्यात ब्रिकबॅट कोब्यावर (वॉटरप्रूफिंगच्या थरावर) पाणी साचतं आणि ती वीट स्पंजासारखी ओली राहते. पाइप किमान पंधरा-वीस सेंटिमीटर उचला.

बसवणं

पाइप कुठे खोलता येत असेल तर नळी अखंड सरकवा, तिथे शिवणच येत नाही. नाहीतर नळी लांबीनं चिरावी लागते. सुरी लांब, पातळ आणि धारदार हवी, आणि दर पाच-सहा काप झाले की दगडावर घासा. बोथट सुरीनं रबर करवतीसारखं दातेरी कापलं जातं आणि दोन दातेरी कडा कधीच नीट मिळत नाहीत.

दोन्ही कडांना सोल्युशनचा पातळ हात द्या. पातळ म्हणजे पातळच; जाड थर आतून ओला राहतो. पाच ते दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकट लागलं पण बोटाला आलं नाही की तयार. आधी दोन टोकं जोडा, मग मध्य, मग मधल्या जागा, आणि चिमटीत धरून दाबत जा. एका टोकाकडून जोडत गेलात तर शेवटी एक कड लांब उरते. शिवण नेहमी खालच्या बाजूला. वर ठेवलेली शिवण ऊनही खाते आणि पाऊसही पिते.

प्रत्येक नळी जागेपेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त लांब कापा आणि दाबून बसवा. वाया घालवतोय असं वाटेल, पण याला कारण आहे. सीपीव्हीसी पाइप १० मीटरला ४५ अंशांच्या फरकानं जवळजवळ तीन सेंटिमीटर वाढतो आणि रोज रात्री पुन्हा आकसतो. जीआय त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाच, पाच-साडेपाच मिलिमीटर. ताणून बसवलेलं इन्सुलेशन या रोजच्या ओढाताणीत पहिल्या महिन्यातच जोडापाशी उघडतं. सोल्युशन सीपीव्हीसीला लागू देऊ नका, त्यातला द्रावक पाइप मऊ करतो. साधी मऊ पीव्हीसी टेपही थेट सीपीव्हीसीवर गुंडाळू नका. टेपमधला प्लॅस्टिसायझर पाइपात उतरतो आणि दोन-तीन वर्षांनी तिथे बारीक तडे येतात.

आता एल्बो, जिथे सगळं बिघडतं. एक इंची जीआय एल्बोचा बाहेरचा कंगोरा पाइपापेक्षा बराच जाड, चाळीसच्या पुढे. पाइपाचीच नळी त्यावर ओढली तर ती पातळ होऊन फाटते. म्हणून ४२ ची नळी. तिचा तीसेक सेंटिमीटरचा तुकडा घ्या आणि मध्यावर पंचेचाळीस अंशांत तिरका कापा. सुताराकडचा कोनाचा साचा असेल तर उत्तम, नाहीतर नळीभोवती कागद गुंडाळून रेघ काढा. दोन तुकडे झाले. त्यातला एक स्वतःभोवती अर्धा फिरवला की दोन्ही मिळून काटकोन होतो. कापलेल्या तोंडांना सोल्युशन लावून जोडा, अर्धा तास राहू द्या, आणि मग पोटाच्या बाजूनं चिरून एल्बोवर टोपीसारखं चढवा. दोन्ही टोकं सरळ नळ्यांच्या टोकांना घट्ट भिडली पाहिजेत. एका एल्बोला वीस मिनिटं जातात. दिवसभरात असे बाराच होतात, म्हणूनच कंत्राटदार ते टाळतो. कोटेशनमध्ये "एल्बो, टी, व्हॉल्व्हसह" असं लिहून घ्या. नुसता रनिंग फुटाचा दर घेतलात तर एल्बो उघडे राहणार.

व्हॉल्व्ह आणि युनियन (पाइप खोलता येतो तो जोड) कायमचे चिकटवून टाकू नका. त्यांच्यावर वेगळा तुकडा चढवून वेल्क्रोच्या पट्टीनं बांधा. युनियनच्या दोन्ही बाजूंच्या नळ्यांची टोकं मात्र पाइपालाच चिकटवा, निदान जीआयवर, म्हणजे एका तुकड्यात शिरलेलं पाणी तिथेच थांबतं. टाकीच्या वरून निघणारा हवेचा पाइप उघडा राहिला पाहिजे. त्याचं तोंड झाकणं, त्याला खाली वळवून टोपी घालणं, सुबक दिसावं म्हणून आखूड करणं, यातलं काहीही करू नका. मेमध्ये वाफ तिथूनच बाहेर पडते. ती वाट बंद झाली तर टाकी फुगते, आणि रिकामी होताना चेपते.

क्लॅम्प इन्सुलेशनच्या वरून. खाली पंधरा सेंटिमीटर लांबीचा अर्धगोल पीव्हीसीचा तुकडा ठेवा म्हणजे क्लॅम्प रबरात रुतत नाही. केबल टायनं आवळणं हा सोपा आणि वाईट उपाय; जिथे आवळलं तिथे १९ चे आठ मिलिमीटर होतात.

मग एक ते दीड दिवस लाइन बंदच. सोल्युशन पूर्ण वाळायच्या आत गरम पाणी सोडलं की शिवणी वाफेनं सुटतात. ग्रुपवरची सगळी बोलणी या दीड दिवसात खावी लागतात, ती खावीत.

वरचा पत्रा

गच्चीवरच्या भागाला आवरण नसेल तर वर लिहिलेलं सगळं तीन वर्षांसाठी. चंदेरी ॲल्युमिनियम टेप हे आवरण नव्हे, तिचा गोंद पुण्याच्या एका उन्हाळ्यात जातो. ग्लास क्लॉथवर कोटिंगचे दोन हात हा मधला मार्ग, दर दोन वर्षांनी पुन्हा हात द्यायचा असेल तर. टिकाऊ उपाय २८ गेजचा ॲल्युमिनियम पत्रा. ३४ चा पाइप आणि दोन्हीकडचे १९ धरून बाहेरचा व्यास ७२ मिलिमीटर, घेर २२६, त्यात चार सेंटिमीटर चढ धरला की पट्टी २७ सेंटिमीटर रुंद. ३० मीटरला आठ चौरस मीटर पत्रा, वजनात आठ किलो, कापाकापी धरून दहा. पत्रा किलोवर मिळतो, त्यामुळे हा हिशेब आधी करून गेलेला बरा.

लांबीची कड घड्याळातल्या चार-पाच वाजण्याच्या जागी, तोंड खाली. उतारावर वरचा तुकडा खालच्यावर चढवायचा, कौलांसारखा. ही साधी गोष्ट उलटी केलेली बऱ्याच गच्च्यांवर दिसते, आणि मग पत्रा पन्हळीचं काम करून पाणी आतच नेतो. स्क्रू तेरा मिलिमीटरच्या वर नको. लांब स्क्रू रबर ओलांडून सीपीव्हीसीत शिरतो. टोकांना आणि टीच्या फटींना सिलिकॉन.

पत्रा परवडत नसेल तर ड्रेनेजचा पीव्हीसी पाइप लांबीनं चिरून वर बसवणं हा जुगाड वाईट नाही. सीपीव्हीसी लाइनला ७५ चा बसतो, जीआयला ९० चा लागतो. चीर खाली, दर अर्ध्या मीटरला पट्टी. तो उन्हानं पिवळा पडेल, पण रबर वाचेल. जिथून लोक टाकी धुवायला जातात तिथे पाइपावरून एक छोटी लोखंडी पायरी करा, नाहीतर पत्रा असो की पीव्हीसी, पहिल्याच महिन्यात चेपणार.

मोठ्या सोसायट्यांत पंपानं गरम पाणी सतत फिरवणारी रिंग लाइन असते, तिथे इन्सुलेशनचा अर्थच वेगळा होतो. पाणी निवलं की पंप टाकीतलं ताजं गरम पाणी पुढे ढकलतो, त्यामुळे तोटा कधी थांबतच नाही. १०० मीटरची उघडी रिंग रोज चार तास चालली तर सुमारे २१ युनिट उष्णता हवेत जाते, १९ मिलिमीटर इन्सुलेशननं ती पाचवर येते. वाचलेल्या सोळा युनिटांत सुमारे साडेतीनशे लिटर पाणी चाळीस अंशांनी तापतं. अशा ठिकाणी २५ मिलिमीटर लावा, आणि पंपाला टायमर नसेल तर तो आधी.

वाफेच्या लाइनचं काम मात्र या लेखाच्या भरवशावर करू नका. इस्पितळांची लाँड्री, वसतिगृहांची स्वयंपाकघरं, जुने कारखाने इथे वाफेचे पाइप असतात. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलांच्या जुन्या भाड्याच्या घरातही तळघरातून वाफेचे पाइप रेडिएटरकडे जातात आणि त्यांवरचं पांढरं प्लास्टरसारखं आवरण सुटलेलं असतं. फोटो पुण्याला येतो, "बाबा, हे मी काढू का?" काढू नये. तिकडे १९७५ मध्ये बंदी येईपर्यंत असं आवरण सर्रास ॲस्बेस्टॉसचं असायचं, आणि ते नुसत्या नजरेनं ओळखता येत नाही. हात न लावता घरमालकाला लेखी कळवायचं, तपासणी त्यानं करून घ्यायची. घरगुती वाफ १०२-१०४ अंशांची असते, म्हणजे नायट्राइलच्या मर्यादेला अगदी टेकलेली. तिथे २५ मिलिमीटरचं फायबर ग्लासच लागतं. आवरण काढून पाइप उघडाच ठेवला तर वाफ वाटेतच पाणी होते आणि पाइप हातोडा मारल्यासारखे वाजायला लागतात.

आपल्या गच्चीवर, पहिला पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात एक फेरी मारा. लाइनचा सगळ्यात खालचा बिंदू, टीच्या खालची बाजू आणि डक्टमध्ये शिरायची जागा अंगठ्यानं दाबून पाहा. दाबल्यावर पाणी निथळलं तर वरच्या बाजूला कुठेतरी पत्र्याचं तोंड उलटं आहे. ते शोधा, सुधारा, भिजलेला दोन फुटांचा तुकडा कापून नवा बसवा. उरलेल्या नळ्या जिन्याखाली सावलीत ठेवलेल्या असतील तर त्या याच वेळी कामाला येतात.